डीझेल व्हॅनचे शीत आरंभण व दोषशोधन (किनवट परिसर)

थंड हवेत रात्रभर बंद राहिलेले डीझेल एंजिन पुन्हा चालू करण्याच्या क्रियेस शीत आरंभण असे म्हणतात. पेट्रोल एंजिनात इंधन विजेच्या ठिणगीने पेटते. डीझेल एंजिनात ठिणगी नसते. दट्ट्या सिलिंडरातील हवा तिच्या मूळ घनफळाच्या सु. सोळाव्या ते बाविसाव्या हिश्शापर्यंत दाबतो, त्यामुळे ती ५००° से.च्या आसपास तापते व तीत फवारलेले इंधन आपोआप पेट घेते. डीझेल स्वतः २१०° ते २५०° से.च्या दरम्यान पेटत असल्याने ही शिल्लक पुरेशी वाटते. मात्र पहाटेच्या थंडीत सिलिंडराच्या भिंती गार असतात, वंगण तेल घट्ट झालेले असते आणि एंजिन हळू फिरते. दाबलेल्या हवेतील उष्णता धातूत मुरते, काही हवा दट्ट्याच्या कड्यांजवळून निसटते आणि ही शिल्लक पाहतापाहता संपून जाते.

नांदेड जिल्ह्याच्या उत्तर टोकास पैनगंगेकाठी वसलेले किनवट हे सातमाळ्याच्या डोंगररांगांतील सागाच्या जंगलाने वेढलेले तालुक्याचे ठिकाण आहे. हा तालुका पूर्वी हैदराबाद संस्थानातील आदिलाबाद जिल्ह्यात होता. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत तो नांदेड जिल्ह्यात आला. डिसेंबर-जानेवारीत येथील पहाटेचे तापमान अनेकदा १०° से.च्या खाली उतरते. नांदेड शहर शंभर किमी.पेक्षा दूर आहे आणि इस्लापूर, बोधडी, मांडवी या बाजूंच्या लहान वस्त्यांतून रुग्णाला गोकुंदा येथील उपजिल्हा रुग्णालयापर्यंत आणण्यास चारचाकी वाहनाखेरीज सोयीचे साधन नसते. दत्तजयंतीचा उत्सव मार्गशीर्ष पौर्णिमेस, म्हणजे ऐन थंडीत येतो. त्या वेळी माहूरच्या गडाखाली यात्रेकरूंच्या शेकडो गाड्या रात्र उघड्यावर काढतात. पहाटे गाडी चालू न होणे ही गोष्ट या मुलखात केवळ गैरसोयीची राहत नाही.

तथापि किनवटची थंडी ही सुस्थितीतील डीझेल एंजिनास रोखण्याइतकी तीव्र नसते, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. थंडीत डीझेलमधील मेण गोठून गाळणी तुंबते, हा समज सर्वत्र आढळतो. लडाखसारख्या प्रदेशात तो खराही आहे. तेथील उपयोगासाठी इंडियन ऑइलने २०१९ मध्ये −३३° से. तापमानापर्यंत प्रवाही राहणारे हिवाळी डीझेल बाजारात आणले. भारतीय मानकानुसार देशातील सामान्य डीझेलचा प्रवाहबिंदू हिवाळ्यात ३° से. व उन्हाळ्यात १५° से. यांपेक्षा अधिक असता कामा नये. त्यामुळे हिवाळ्यात नव्याने भरलेले डीझेल किनवटच्या थंडीत सहसा गोठत नाही. उन्हाळ्यात भरलेले डीझेल टाकीत तसेच राहिलेली, महिनोन्‌महिने उभी असलेली गाडी हा याला अपवाद होय. एरवी पहाटे अडणाऱ्या गाडीत थंडीने नवा दोष निर्माण केलेला नसतो. आधीपासून असलेला आणि दुपारच्या उन्हात लपून राहणारा दोष तिने उघड केलेला असतो.

डीझेल एंजिनाच्या आरंभणाचा प्रश्न या एंजिनाइतकाच जुना आहे. हर्बर्ट अ‍ॅक्रॉइड स्ट्यूअर्ट यांच्या १८९० च्या एकस्वानुसार बनविलेल्या एंजिनात सिलिंडरालगतचा धातूचा कंद चालू करण्यापूर्वी दिव्याच्या ज्योतीने तापवावा लागे. रूडोल्फ डीझेल यांना १८९३ मध्ये एकस्व मिळाले व १८९७ मध्ये आउग्सबर्ग येथे त्यांच्या एंजिनाची यशस्वी चाचणी झाली. केवळ संपीडनाने प्रज्वलन घडविणे हे त्यांचे वैशिष्ट्य होते. पण ती एंजिने कारखान्यात एका जागी बसविलेली, अवजड आणि दाबयुक्त हवेने सुरू करावयाची होती. वाहनात बसेल असे लहान, वेगवान एंजिन करताना १९०९ मध्ये प्रॉस्पर लोरांझ यांनी पूर्वज्वलन कोठीची कल्पना पुढे आणली. मुख्य सिलिंडरास जोडलेल्या छोट्या कोठीत इंधन प्रथम पेटून नंतर बाहेर उसळत असल्याने एंजिन मऊ चालते. या सोयीची किंमत मात्र थंडीत द्यावी लागते, कारण कोठीच्या भिंतींचे क्षेत्रफळ जास्त असल्याने दाबलेली हवा लवकर गार होते. म्हणून या कोठीत विजेने तापणारी तार बसविण्यात आली. हीच तापक गुडदी, अर्थात वाहनचालकांच्या परिचयाचा ‘हीटर प्लग’ होय. बॉश कंपनीने १९२७ मध्ये इंधन अंतःक्षेपण पंपाचे उत्पादन सुरू केल्यावर डीझेल वाहनांचा प्रसार वेगाने झाला. दुसऱ्या महायुद्धात १९४१-४२ च्या रशियातील हिवाळ्यात जर्मन सैनिकांवर गाड्यांखाली शेकोट्या पेटविण्याची पाळी आली, तर रशियन टी-३४ रणगाड्यांत दाबयुक्त हवेच्या नळकांड्यांनी एंजिन फिरविण्याची सोय होती.

महाराष्ट्राच्या ग्रामीण भागास शीत आरंभणाचा परिचय गाडीमुळे नव्हे, तर विहिरीवरील एंजिनामुळे झाला. साताऱ्याचे कूपर आणि पुढे १९४६ मध्ये पुण्यात स्थापन झालेली किर्लोस्कर ऑइल एंजिन्स यांनी बनविलेली एका सिलिंडराची एंजिने शेतकरी हाताने फिरवीत. प्रथम दाब सोडण्याची दांडी वर करून झडप उघडी ठेवावयाची, ‘हँडल’ मारून जड प्रचक्रास वेग द्यावयाचा आणि मग दांडी एकदम खाली सोडावयाची. प्रचक्रात साठलेल्या ऊर्जेने पहिले संपीडन पार पडे. थंडीच्या दिवसांत पाण्याच्या आवरणात कोमट पाणी ओतणे किंवा हवेच्या वाटेने वंगणाचे चार थेंब सोडून कड्यांची फट भरणे हे उपाय शेतकऱ्यांस ठाऊक होते. हे दोन्ही उपाय शास्त्रशुद्ध आहेत. पहिल्याने भिंतींना उष्णता मिळते व दुसऱ्याने दाब टिकतो. खेड्यातील अनेक कारागिरांनी डीझेल एंजिनाचे पहिले धडे या विहिरीवरच गिरविले असावेत.

रस्त्यावरील वाहनांत १९५४ पासून जमशेटपूर येथे बनू लागलेल्या टाटा-मर्सेडिस-बेंझ ट्रकांचे एंजिन पूर्वज्वलन कोठीचे होते आणि त्यास हीटर प्लगची गरज असे. लेलँड ‘कॉमेट’चे एंजिन थेट अंतःक्षेपणाचे असल्याने त्यास ती भासत नसे. लहान प्रवासी व मालवाहू व्हॅनच्या क्षेत्रात पुण्याच्या बजाज टेंपो कंपनीचे कार्य महत्त्वाचे आहे. १९५८ मध्ये स्थापन झालेल्या या कंपनीची मॅटॅडोर व्हॅन इतकी रुळली की, मराठीत ‘टेंपो’प्रमाणेच ‘मेटॅडोर’ हेही सामान्यनाम बनले. १९८७ मध्ये तिच्या जोडीस ट्रॅव्हलर आली आणि २००५ मध्ये कंपनीचे नाव फोर्स मोटर्स झाले. कंपनीने परवान्याने बनविलेले मर्सेडिस-बेंझचे ओएम ६१६ हे चार सिलिंडरांचे, २.४ लिटरचे एंजिन सु. २१ : १ संपीडन गुणोत्तराचे व पूर्वज्वलन कोठीचे आहे. महिंद्रच्या जीपमध्ये आलेले प्यूजो एंजिनही कोठीचेच होते. मराठवाड्यातील ‘काळी-पिवळी’ वाहतूक दीर्घकाळ अशाच एंजिनांवर चालली.

जुन्या पद्धतीच्या हीटर प्लगांत उघड्या तारेचे वेटोळे असे व सर्व प्लग एकसरीत जोडलेले असत. त्यांतील एक तार तुटली की, संपूर्ण मंडल खंडित होऊन एकही प्लग तापत नसे. चालकासमोरच्या फळीवरील दर्शक तार लाल न झाल्यास मंडल तुटले आहे, तर ती क्षणात पांढरीशुभ्र झाल्यास कोठेतरी विजेस आडवाट मिळाली आहे, असे समजत. पुढे आवरणयुक्त, पेन्सिलीच्या आकाराचे प्लग आले. ते अनेकसरीत जोडलेले असतात. चारांपैकी एक निकामी झाला, तरी उरलेले तीन काम करतात. ही सुधारणा निर्विवाद आहे, पण तिने दोषशोधन काहीसे अवघड केले. पूर्वी बिघाड स्वतःहून जाहीर होत असे; आता एक-दोन प्लग जळालेली गाडी उन्हाळाभर बिनतक्रार चालते आणि दत्तजयंतीच्या पहाटे अडते.

अशा गाडीचे दोषशोधन धूर पाहण्यापासून सुरू होते. आरंभक, म्हणजे ‘सेल्फ’ फिरत असताना धुराड्यातून पांढरा धूर येत असेल, तर इंधन सिलिंडरात पोहोचते आहे, पण पेटत नाही. उणीव उष्णतेची आहे. धूर मुळीच येत नसेल, तर इंधनच पोहोचत नाही. या एका निरीक्षणाने निम्मे काम होते, आणि ते न करता पाने हाती घेणारा कारागीर बहुधा चांगला पंप विनाकारण उघडतो.

पांढऱ्या धुराच्या बाबतीत एंजिन कोणत्या वेगाने फिरते, हे प्रथम पाहावे. मिनिटाला शंभराहून कमी फेरे होत असल्यास हीटर प्लग उत्तम असूनही एंजिन पेटणे कठीण. शिसे-अम्ल घटमालेची क्षमता ०° से.स सु. एक-तृतीयांशाने घटते आणि त्याच वेळी घट्ट तेलामुळे एंजिन फिरविण्यास अधिक ऊर्जा लागते. घटमालेची टोके पांढऱ्या क्षारांनी माखलेली असणे, एंजिनाची भूतार सैल असणे ही अगदी क्षुल्लक कारणेही पहाटे निर्णायक ठरतात. गाडी उतारावरून ढकलल्यावर लगेच चालू झाली, तर दोष घटमालेत किंवा आरंभकात आहे, असे मानावे. गाडी मुद्दाम उतारावर उभी करण्याची चालकांची सवय हा या दोषाशी केलेला समझोता असतो, दुरुस्ती नव्हे. फिरण्याचा वेग योग्य असल्यास हीटर प्लग एकेक सोडवून चाचणी दिव्याने किंवा रोधमापकाने तपासतात. तेही ठीक असल्यास संपीडन मोजावे लागते. ओएम ६१६ सारख्या एंजिनात ते २२ ते २४ किग्रॅ./चौ. सेंमी. इतके असते, १५ च्या आसपास उतरल्यास कडी किंवा झडपा झिजल्या आहेत. झिजलेले एंजिन गरम असताना विनासायास चालू होते, म्हणून दुपारी केलेल्या तपासणीत असा दोष सहसा हाती लागत नाही. गाडी रात्रभर कारागिराकडे ठेवून पहाटे पाहणे हाच खरा मार्ग होय.

धूर नसल्यास इंधन बंद करणारी विद्युत् झडप उघडते की नाही, हे पाहून मग नळ्यांकडे वळावे. टाकीपासून पंपापर्यंतच्या मार्गात रबरी नळी तडकलेली वा वायसर बसका असल्यास डीझेल रात्रीतून टाकीकडे परतते व जागी हवा शिरते. यास चालक ‘एअर धरणे’ म्हणतात. गाळणीवरील स्क्रू सैल करून हातपंपाने बुडबुडे संपेपर्यंत डीझेल काढले की, गाडी चालू होते. पण दुसऱ्या पहाटे तीच कथा पुन्हा घडल्यास गळती शोधणे अपरिहार्य असते. अर्धवट रिकाम्या टाकीत थंडीमुळे दमट हवेतील पाणी साचते. किनवटला ते गोठत नाही, परंतु पंपाचे सूक्ष्म भाग गंजविते. म्हणून टाकी सायंकाळी भरून ठेवणे व गाळणीच्या तळाचे पाणी वरचेवर सोडणे हितकर असते.

रूढ उपायांपैकी काही सरळसरळ घातक आहेत. तेलटाकीखाली पेटविलेली शेकोटी रबरी नळ्यांना व सांडलेल्या इंधनाला आग लावू शकते. हवेच्या वाटेने ईथराचा फवारा मारल्यास तापलेल्या हीटर प्लगमुळे तो अवेळी पेटून दट्ट्या फुटण्याचा धोका असतो. डीझेलात रॉकेल मिसळण्याने ते पातळ होते, पण ज्या इंधनानेच अंतःक्षेपण पंपाचे वंगण होते, त्याचे वंगणत्व घटते. शिवाय किनवटच्या थंडीत त्याची आवश्यकताच नसते.

१९९७ मध्ये यूरोपात मोटारगाड्यांत आलेल्या सामायिक नळी अंतःक्षेपण पद्धतीने, भारतात विशेषतः २०१७ मध्ये देशभर लागू झालेल्या भारत स्टेज ४ आणि २०२० च्या भारत स्टेज ६ मानकांनंतर, हे चित्र पालटले. डीझेलचा सीटेन अंक पूर्वीच्या ४५ वरून टप्प्याटप्प्याने ५१ पर्यंत वाढल्याने प्रज्वलन सुलभ झाले. हीटर प्लग किती वेळ तापवावयाचा, हे आता इलेक्ट्रॉनिक नियंत्रक ठरवितो आणि एंजिन चालू झाल्यावरही तो काही काळ तापता ठेवतो. त्यामुळे पहाटेचा पांढरा धूर कमी झाला. याउलट नळीतील दाब ठराविक मर्यादेपर्यंत चढला नाही, तर नियंत्रक इंधन सोडतच नाही. झिजलेल्या फवारकातून डीझेल मागे गळत असले, तरी बाहेरून दिसण्याजोगी खूण उरत नाही आणि दोष वाचण्यास संगणकीय उपकरण जोडावे लागते. महाराष्ट्रात २०१४ पासून चालू झालेल्या १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिका सेवेत व्हॅन वर्गातील डीझेल वाहने आली. नव्या पद्धतीच्या एंजिनासाठी लागणारे उपकरण ज्या कारागिराजवळ नाही, त्याला घटमाला, भूतार, गाळणीतील पाणी आणि नळ्यांतील हवा एवढीच तपासणी जागेवर करता येते. त्यापुढील बिघाडासाठी अशी गाडी दूरच्या शहरातील कार्यशाळेत ओढून न्यावी लागते.