एका विद्यार्थ्याचा अभ्यासक्रम

बडोद्यातील आपल्या जुन्या घरांतून सयाजीराव महाराजांची तसबीर आढळते; त्यांच्या शिक्षणाचा विचार मात्र आम्ही क्वचितच करतो. १८७५ मध्ये कवळाण्याहून दत्तक आलेल्या बारा वर्षांच्या या मुलास अक्षरओळखही जेमतेम होती. त्याच्या वयाच्या वर्गात त्याला बसविणे शक्य नव्हते. म्हणून अभ्यासक्रमच त्याच्यासाठी बेतण्यात आला. एलियट हे सनदी अधिकारी शिक्षक नेमले गेले. मराठी, गुजराती, उर्दू व इंग्रजी अशा चार भाषा त्यात होत्या. उशिरा पाटी हाती घेतलेल्या मुलाला हा भार थोडा नव्हे.

आम्हांस महत्त्वाचा वाटतो तो शेवटचा विषय. दिवाण टी. माधवराव (हेही दक्षिणेत स्थायिक झालेल्या मराठी घराण्यातले) यांनी महाराजांना राज्यकारभारावर व्याख्याने दिली. ती १८८१ मध्ये ‘मायनर हिंट्स’ या नावाने छापली गेली. राजाने आपल्या अधिकारास कायद्याची मर्यादा मानावी, हा धडा उद्या ज्याच्या हाती सत्ता येणार त्यालाच द्यावयाचा होता. कोणत्या हायस्कुलात असा विषय नेमलेला असणार?

त्याच वर्षी २८ डिसेंबरला महाराजांकडे पूर्ण अधिकार आले. १८९३ मध्ये अमरेली तालुक्यातील काही गावांत आणि १९०६ च्या कायद्याने सर्व संस्थानात त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले.