पन्नासांतले पाच तास

विद्यापीठात एखादा विषय कसा जन्माला येतो, याची हकीकत त्या विषयाच्या पुस्तकात सहसा सापडत नाही. सरकारला रस्ते, पूल आणि पाटबंधारे बांधणारी माणसे हवी होती, म्हणून १८५४ साली पुण्यात इंजिनिअरिंगचा वर्ग निघाला. तीन वर्षांनी मुंबईस विद्यापीठ आले, आणि कोर्टाला वकील व कचेरीला पदवीधर मिळू लागले. ज्याची गरज पडली त्याचा विषय झाला, असा हा सरळ व्यवहार. परंतु एक विषय असा आहे, की जो शिकल्याने नोकरी लागेल असे आश्वासन कोणी दिले नव्हते, आणि तरीही तो देशातल्या कॉलेजाकॉलेजात जाऊन बसला. कारण न्यायालयाने तसा हुकूम केला. तो विषय म्हणजे पर्यावरण.

मी स्वतः मॅट्रिकच्या पुढे गेलेला नाही. विद्यापीठाची पायरी चढलो ती एखाद्या व्याख्यानाला श्रोता म्हणून. परंतु माझ्या हाताखालून गेलेली मालवण तालुक्यातली मुले कॉलेजात जातात, सुटीला घरी आली की भेटतात, आणि त्यांच्या वह्या मी चाळतो. इतिहास घेतलेला असो की हिशेब, प्रत्येकाच्या पिशवीत पर्यावरणाची एक वही असतेच. ही वही कुठून आली याचा शोध घ्यावा असे वाटले, तेव्हा बराच मागे जावे लागले.

‘पर्यावरण’ हा शब्द माझ्या आजोबांच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. तरी त्या शब्दात आज जे भरले आहे, त्यातले पुष्कळसे त्यांना ठाऊक होते. नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण केल्याशिवाय होडी दर्यात लोटायची नाही, हा त्यांच्या पिढीचा कायदा. पावसाळ्याचे हे दिवस पुष्कळ माशांच्या विणीचे. आज सरकारी हुकुमाने १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. जुन्या माणसांनी तीच गोष्ट सणाच्या सुताला बांधून ठेवली होती. देवराईचेही तसेच. देवाच्या नावाने राखलेल्या रानातली वाळली काटकीसुद्धा घरी आणायची नाही, या धाकाने कोकणात शेकडो राया टिकल्या. १९७० नंतरच्या दशकात माधव गाडगीळ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांनी सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास करून तो जगापुढे मांडला, तेव्हा विद्वानांना कळले की गावकऱ्यांनी जुन्या जंगलांचे नमुनेच जपून ठेवले आहेत.

लेखी पुरावा हवा असेल तर तोही मराठीत आहे. १७१६ च्या सुमाराची, रामचंद्रपंत अमात्यांची म्हणून ओळखली जाणारी आज्ञापत्रे वाचकांना नावाने तरी माहीत असतील. त्यात आरमाराच्या प्रकरणी लाकडाचा विचार आला आहे. जहाजाला लाकूड लागते, रानातले साग वगैरे परवानगीने तोडावे. आंबा आणि फणसही कामाचे आहेत, परंतु त्यांना हात लावू नये, असे ते सांगतात. कारण काय? ही झाडे वर्षादोन वर्षांत होत नाहीत. रयतेने ती लेकरासारखी वाढवलेली असतात. ती तोडली तर तिच्या दुःखाला पार राहत नाही. एखादे झाड फारच जुने होऊन निकामी झाले, तर धन्याला राजी करून, मोल देऊन तोडावे. जोर मुळीच करू नये. यात झाडाच्या वाढीचा हिशेब आहे, राज्याच्या गरजेचा आहे, आणि ज्याने झाड लावले त्याला विचारण्याचीही सोय आहे. ही तिसरी गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिच्याशी गाठ आहे.

आता विद्यापीठाकडे वळू. जून १९७२ मध्ये स्वीडनची राजधानी स्टॉकहोम येथे संयुक्त राष्ट्रांची मानवी पर्यावरणावरील परिषद भरली. इंदिरा गांधी तेथे जाऊन बोलल्या. त्यानंतर आपल्याकडे चाके फिरू लागली. १९७४ मध्ये दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात पर्यावरणविज्ञानाचे स्वतंत्र विद्यालय निघाले. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने जंगल, तळी, नद्या आणि वन्य प्राणी यांचे रक्षण हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरले. पुण्यात प्रकाश गोळे यांनी १९८२ मध्ये इकॉलॉजिकल सोसायटी स्थापन केली, आणि पुढे नोकरी-धंदा सांभाळून शिकणाऱ्या प्रौढ माणसांसाठी तिथे निसर्गसंवर्धनाचा अभ्यासक्रम चालू लागला. परंतु हे सारे ज्यांना गोडी आहे त्यांच्यापुरते होते. डिसेंबर १९८४ मधील भोपाळच्या वायुकांडाने देश हादरला. १९८६ मध्ये पर्यावरण संरक्षणाचा कायदा झाला. तरी सामान्य कॉलेजातल्या सामान्य मुलाच्या पुस्तकात यातले फारसे काही उतरले नव्हते.

तेव्हा एम. सी. मेहता नावाच्या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. त्यांचे म्हणणे असे, की कर्तव्य घटनेत लिहिले, पण ते लोकांना शिकवणार कोण? २२ नोव्हेंबर १९९१ रोजी न्यायालयाने निकाल दिला. चित्रपटगृहांनी खेळाच्या वेळी पर्यावरणाच्या संदेशाच्या पट्ट्या फुकट दाखवाव्यात, आकाशवाणी-दूरदर्शनने कार्यक्रम द्यावेत, आणि शाळा-कॉलेजांत हा विषय सक्तीचा करावा. सिनेमाच्या पट्ट्या लवकर दिसल्या. कॉलेजाचे घोडे मात्र पेंड खात राहिले. बारा वर्षे गेली. मेहता पुन्हा दारात उभे राहिले, आणि २००३ मध्ये न्यायालयाने कडक शब्दांत तंबी दिली. मग विद्यापीठ अनुदान आयोगाचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम खरोखरीच सर्वत्र लागू झाला. आयोगासाठी त्याचे पाठ्यपुस्तक पुण्याच्या डॉ. इराक भरुचा यांनी लिहिले. ते पेशाने शल्यविशारद. शस्त्रक्रियेच्या टेबलावर माणूस वाचवणाऱ्याने जंगल वाचवण्याचे पुस्तक लिहावे, ही गोष्ट मला मोठी बोलकी वाटते.

हा अभ्यासक्रम मी बारकाईने वाचला. तास पन्नास, प्रकरणे आठ. साधनसंपत्ती, परिसंस्था, जैवविविधता, प्रदूषण, समाजाचे प्रश्न, लोकसंख्या असे करत करत शेवटच्या, आठव्या प्रकरणी एक वेगळीच गोष्ट येते. वर्ग सोडून बाहेर जा. जवळची नदी, रान किंवा डोंगर पाहा आणि त्याची नोंद करा. जिथे घाण साचली आहे ती जागा पाहा. रोजची झाडे, किडे आणि पक्षी ओळखा. तळ्याचा किंवा डोंगरउताराचा संसार कसा चालतो ते तपासा. याला पाच तास. गुणांच्या हिशेबात मात्र शंभरांपैकी पंचवीस. आखणाऱ्यांनी पाच तासांना पंचवीस गुण दिले, याचा अर्थ त्यांना या तासांची किंमत कळली होती. माझ्या मते हा विषय खरा उभा आहे तो या पाच तासांवर. उरलेले पंचेचाळीस देशभर सारखेच असतील. हे पाच गावोगाव निराळे निघाले पाहिजेत.

प्रत्यक्षात काय होते? एका मुलीची वही माझ्यासमोर आहे. अक्षर सुरेख, मुखपृष्ठावर वेलबुट्टी. आत यमुनेवरच्या फेसाचे चित्र, दिल्लीच्या धुराचे चित्र, आणि नीटस निष्कर्ष. या मुलीचे घर कर्ली खाडीच्या काठी आहे. दारातली खाडी भरतीला कुठवर चढते, कांदळवनात कोणते मासे आसरा घेतात, कुठल्या विहिरीला मचूळ चव आली, हे तिची आजी तासभर सांगेल. वहीत त्यातले अक्षरही नाही. मुलीला दोष देण्यात अर्थ नाही. दारातली खाडी हीसुद्धा विद्या असू शकते, असे तिला कोणी सांगितलेच नव्हते.

आणि हे न सांगण्याची किंमत काय पडते, याचा धडा आमच्या मालवणात घडलेला आहे. १९८७ साली नॉर्वेच्या पंतप्रधान ग्रो हार्लेम ब्रुंटलांड यांच्या आयोगाचा अहवाल प्रसिद्ध झाला, आणि ‘शाश्वत विकास’ हे शब्द जगाच्या तोंडी बसले. पुढच्या पिढ्यांची गरज भागवण्याची ताकद शाबूत ठेवून आजची गरज भागवावी, असा त्याचा इत्यर्थ. आज विद्यापीठांतले निम्मे नवे अभ्यासक्रम या दोन शब्दांवर चालतात. त्याच वर्षी, एप्रिलमध्ये, सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा २९.१२ चौरस किलोमीटर समुद्र सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. महाराष्ट्रातले हे पहिलेच. त्याच्या गाभ्यात खुद्द किल्ला आणि पद्मगड. किल्ल्याच्या आसपासच्या खडकांवर जिवंत प्रवाळ आहे, माशांना विणीला आडोसा आहे. तेव्हा जागा निवडली ती योग्यच होती. तरी मच्छीमारांनी कडाडून विरोध केला. किनाऱ्यावर एका वृद्ध रापणकऱ्याला मी याबद्दल छेडले, तेव्हा तो एवढेच म्हणाला, “मास्तरानू, आमका कोण इचारूक इलो?”

रापण म्हणजे काय हे घाटावरच्या वाचकांसाठी सांगतो. होडीने लांबलचक जाळे अर्धवर्तुळात टाकून आणायचे, आणि दोन्ही टोके किनाऱ्यावरून पन्नासपाऊण माणसांनी ओढायची. मिळेल त्याचे वाटे करायचे. अशा माणसांना समुद्र राखण्याचे वावडे नव्हते. त्यांच्याच अंगणाला कुंपण घालताना त्यांचा सल्ला घेतला नाही, हे त्यांना सलले. आज्ञापत्रातली ती तिसरी गोष्ट, धन्याला राजी करण्याची, नेमकी इथे गळाली होती.

याच्या उलट उदाहरणही याच जिल्ह्यातले आहे. २०१० मध्ये पश्चिम घाटासाठी गाडगीळांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञ गट नेमला गेला. २०११ मध्ये त्याचा अहवाल आला. त्या सुमारास सावंतवाडी-दोडामार्ग भागातल्या पंचवीस गावांच्या ग्रामसभांनी आपण होऊन ठराव केले, की आमचा भाग पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून घोषित करा. डोंगराखाली खाणी आल्या तर झऱ्यांचे आणि बागायतींचे काय होईल, हे त्यांना पुस्तकावाचून कळत होते. समुद्रावर जे कुंपण लोकांना काचले, तेच डोंगरात लोकांनी मागून घेतले. दोन्हीकडची माणसे कोकणचीच. विचारण्याचा तेवढा फरक. हेच गाडगीळ २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यासाठी नेमलेल्या ‘परिसर आणि अध्ययन’ या विषयाच्या गटाचेही अध्यक्ष होते. मुलांनी आपल्या भागाच्या खऱ्या नोंदी कराव्यात आणि त्या सर्वांच्या उपयोगी पडाव्यात, असा त्या गटाचा आग्रह होता. जैवविविधतेच्या २००२ च्या कायद्याखाली गावोगाव लोकांची नोंदवही करायची, त्यामागेही हाच विचार.

विद्या आणि दर्या यांची गाठ पडली तर काय होते, तेही इथे दिसले आहे. पुढच्या काळात संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीने सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावर एक मोठा प्रकल्प चालला. त्यात ट्रॉलरच्या जाळ्याच्या शेवटच्या पिशवीला चौकोनी आस लावण्याचा प्रयोग झाला. नेहमीचा आस शंकरपाळ्याच्या आकाराचा. जाळे ओढताना ताण बसला की तो मिटतो आणि पिल्ले आत अडकतात. चौकोनी आस ताणातही उघडा राहतो. लहान मासा निसटून जातो, मोठा होऊन पुन्हा सापडायला मोकळा. गोष्ट केवढीशी! पण ती सुचायला प्रयोगशाळेतली भूमिती लागते, आणि पटायला जाळे विणणाऱ्याचा हात लागतो. यातले एकच जवळ असून भागत नाही.

२०२३ मध्ये अनुदान आयोगाने पर्यावरणशिक्षणाचा नवा आराखडा काढला. हवामानबदल, शाश्वत विकास, सारे त्यात आहे, क्षेत्रकार्यही आहे. हे योग्यच झाले. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळाने आमच्या किनाऱ्यावरची कौले आणि माड ज्यांच्या डोळ्यांदेखत पाडले, त्यांना हवामानाचा विषय परका नाही. प्रश्न एवढाच, की बाहेर जाण्याचे ते तास खरोखर बाहेर जातील की पुन्हा कागद कापून चिकटवण्यात जातील. तसे गेले, तर दहा-वीस वर्षांनी अधिकारी होऊन येणारी आमचीच मुले एखाद्या गावाला न विचारता कुंपण घालतील, किंवा न विचारता डोंगर फोडतील. आणि दोन्ही वेळी त्यांच्या गुणपत्रिकेवर पर्यावरणात पहिला वर्ग असेल.

तरी निराश होण्याचे कारण नाही. माझ्या एका विद्यार्थ्याने कॉलेजच्या वहीसाठी आपल्या वाडीतल्या सात विहिरींची मोजदाद केली. मे महिन्यात पूर्वी किती हात दोर लागे आणि आता किती लागतो, हे त्याने प्रत्येक घरातल्या जाणत्या माणसाला विचारले. कोणत्या विहिरीने कधीच दगा दिला नाही, तिच्या वरच्या अंगाला कोणती झाडे आहेत, तेही लिहिले. वही अवघी बारा पानांची, चित्र एकही नाही. ती वाचून वाडीतल्या लोकांनी वरच्या सड्यावरची झाडतोड थांबवावी की नाही यावर एक संध्याकाळ वाद घातला. निकाल लागला नाही. पण वाद झाला, हे काय थोडे?

वाचकहो, चावदिवसाला तुमची कॉलेजातली मुले घरी आली असतील. पहाटे तुळशीपुढे अंगठ्याखाली कारीट फोडून झाले, पाटावर पाच तऱ्हेचे पोहे खाऊन झाले, की त्यांना सहज विचारा: हे कारीट कुठल्या कुंपणावर मिळाले? पूर्वी कुठे मिळत असे? तिथे आज काय आहे? उत्तर येत नसेल तर आजीला सोबत घेऊन त्यांना शोधायला पाठवा, आणि वही बरोबर द्यायला विसरू नका.