कृत्रिम गुडघ्याचा जंतुसंसर्ग व पुनर्रोपण

कृत्रिम गुडघासांध्यात खोलवर जंतुसंसर्ग झाल्यास तो सांधा काढून, संसर्ग घालवून नवा सांधा बसविण्याच्या उपचारास पुनर्रोपण म्हणतात.

पहिल्या सांधारोपणानंतर सुमारे १ ते २ टक्के रुग्णांत असा संसर्ग होतो. स्टॅफिलोकॉकस गटातील जंतू त्याचे प्रमुख कारण होत. धातू व प्लॅस्टिकच्या पृष्ठभागावर ते चिकट जैवपटल तयार करतात. त्यातील जंतूंवर औषधे फारशी चालत नाहीत, त्यामुळे केवळ गोळ्या-इंजेक्शनांनी संसर्ग सहसा हटत नाही [⟶ प्रतिजैविके]. संसर्ग लवकर लक्षात आल्यास सांधा न काढता आतील भाग धुऊन फक्त प्लॅस्टिकचा तुकडा बदलता येतो.

जुनाट संसर्गासाठी जॉन इन्सॉल व सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये द्विटप्पी पद्धत प्रसिद्ध केली. पहिल्या टप्प्यात सांधा, सिमेंट व दूषित ऊतक काढून प्रतिजैविकमिश्रित सिमेंटचा तात्पुरता ठोकळा बसवितात. साधारण सहा आठवडे प्रतिजैविके देतात. संसर्ग आटोक्यात आल्याचे तपासून नवा सांधा बसवितात. हे दोन्ही टप्पे एकाच शस्त्रक्रियेत करण्याची पद्धत हॅम्बुर्ग येथे विकसित झाली.

पुनर्रोपणानंतरची सुधारणा पहिल्या रोपणापेक्षा संथ असते. मांडीचे स्नायू क्षीण झालेले असतात, व्रणऊतकामुळे गुडघा कमी वाकतो. व्यायामोपचार अनेक महिने चालतो [⟶ भौतिकोपचार]. संसर्ग उलटल्यास काही वेळा सांधा कायमचा जखडावा लागतो, क्वचित पाय कापावा लागतो. संसर्गाची शंका असताना सांध्यातील द्रवाचा नमुना घेण्यापूर्वी परस्पर प्रतिजैविके घेतल्यास जंतू तपासणीत अनेकदा सापडत नाहीत व निदान लांबते.