पाणीपातळीचे मापन आणि ‘ग्राउंड’ची जोडणी

नंदुरबार जिल्ह्यात तापी नदीवर सारंगखेडा व प्रकाशा येथे बॅरेज आहेत. जळगाव जिल्ह्यातील हतनूर धरणातून विसर्ग वाढला की त्यांचे दरवाजे उघडावे लागतात आणि ते पाणी पुढे गुजरातमधील उकाई जलाशयास मिळते. अशा नदीवर पातळीचा आकडा थोडा चुकला तरी निर्णय चुकू शकतो. विद्युत संवेदकाने पातळी मोजताना होणाऱ्या चुकीचे मूळ अनेकदा संवेदकात नसून ‘ग्राउंड’च्या जोडणीत असते.

‘ग्राउंड’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. पहिला सुरक्षेच्या अर्थिंगचा. ते माणसाला विजेच्या धक्क्यापासून वाचवते. दुसरा सिग्नलच्या परतीच्या तारेचा. तिच्या तुलनेत व्होल्टेज मोजले जाते. समजा, ० ते १० मीटर पातळीसाठी संवेदक ० ते १० व्होल्ट देतो. म्हणजे एक मिलिव्होल्ट हा एक मिलिमीटर झाला. नदीकाठचा संवेदक आणि नियंत्रण कक्ष येथे परतीची तार वेगवेगळ्या अर्थिंगला जोडली, तर तार व जमीन मिळून बंद मंडल तयार होते. पंप-मोटारींमुळे दोन्ही टोकांच्या विभवात फरक पडतो, मंडलातून प्रवाह वाहतो आणि ५० हर्ट्झची गुणगुण सिग्नलमध्ये मिसळते. केवळ ०.१ व्होल्टची भर पडली, तरी चूक दहा सेंटीमीटरची होते.

जमिनीचा प्रकारही महत्त्वाचा असतो. तापीकाठची ओली काळी माती विजेची चांगली वाहक असते, तर सातपुड्यातील बेसाल्ट खडकाचा रोध मोठा असतो. उन्हाळ्यात माती सुकली की रोध वाढतो. म्हणून मीठ-कोळशाच्या अर्थिंग खड्ड्यात पाणी ओतण्याची पद्धत आहे.

उपाय साधे आहेत. सर्व ॲनालॉग इनपुटच्या परतीच्या तारा पॅनेलमधील एकाच पट्टीवर आणून ती पट्टी एकाच ठिकाणी अर्थिंगला जोडावी. केबलचे धातूचे आवरण सहसा पॅनेलकडील टोकालाच जोडतात. मोटारीचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हकडे जाणाऱ्या आउटपुटला पीळ दिलेली स्वतंत्र जोडी द्यावी. मोटारीचे अर्थिंग परतीची वाट म्हणून वापरू नये. अंतर मोठे असल्यास ४ ते २० मिलिअँपिअर पद्धत सोयीची ठरते. तारेच्या रोधाने तिचे वाचन सहसा बदलत नाही, आणि प्रवाह शून्यावर आला की तार तुटल्याचे कळते. दोन्ही टोके जमिनीला जोडणे अटळ असेल, तर सिग्नल आयसोलेटर बसवावा.

गुणगुण घालवण्यासाठी सुरक्षेचे अर्थिंग मात्र कधीही तोडू नये. त्याची किंमत जिवाने मोजावी लागू शकते. जोडणीनंतर पातळी स्थिर असताना पंप बंद व चालू ठेवून वाचन पाहावे. आकडा हलला, तर संवेदक बदलण्यापूर्वी ग्राउंड तपासावे.