सेल भरला हे कळतं कसं? पेन्सिल सेलच्या चार्जरची गोष्ट

बॅटरीवरच्या मागच्या भागानंतर सगळ्यात जास्त आलेला प्रश्न अगदी साधा होता. घरातल्या पेन्सिल सेलसाठी चार्जर कुठला घ्यायचा? एखाद्या ब्रँडचं नाव सांगून मी मोकळा झालो असतो, पण ते मॉडेल पुढच्या वर्षी मिळेलच असं नाही. त्यापेक्षा चार्जरचा इतिहास सांगतो. कारण दुकानात एकाच हुकाला टांगलेले चार्जर दिसायला भाऊ-भाऊ असले तरी आतून वेगवेगळ्या काळातले असतात. कुठला कुठल्या काळातला, हे ओळखता आलं की निवड आपोआप होते.

हा सगळा इतिहास एकाच प्रश्नाभोवती फिरतो: सेल भरला हे ओळखायचं कसं? हंडा भरला की पाणी बाहेर वाहतं, नळ बंद करायचा हे लहान पोरालाही कळतं. सेल बाहेरून रिकामा असो की भरलेला, सारखाच दिसतो.

सुरुवात पॅरिसमध्ये. 1859 साली गास्तों प्लांते यांनी शिशाचे दोन पत्रे गुंडाळून सल्फ्युरिक ॲसिडमध्ये ठेवले आणि पुन्हा पुन्हा भरता येणारी पहिली बॅटरी तयार झाली. पण भरायची कशावर? भिंतीत प्लग नव्हता, कामाचा डायनामोही अजून यायचा होता. प्लांते ती बुन्सेन सेलवर भरत. हे सेल जस्त आणि ॲसिड खाऊन वीज द्यायचे आणि संपले की संपले. म्हणजे जगातला पहिला चार्जर ही दुसरी एक बॅटरीच होती! पुढे डायनामो आले, 1881 मध्ये कामीय फोर यांनी शिशाच्या पत्र्यांवर लेप द्यायची युक्ती काढली, आणि शिशाची बॅटरी खऱ्या अर्थाने कामाला लागली.

या बॅटरीचा एक मोठा गुण होता. भरत आली की ती बोलायची. ॲसिडमधून बुडबुडे यायचे, ॲसिडची घनता वाढायची. ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या चार्ज करून देणाऱ्या दुकानात तुम्ही गेला असाल तर तो काचेच्या नळीतला हायड्रोमीटर पाहिला असेल. आतली तरंगती कांडी किती वर येते त्यावरून दुकानदार सांगतो, झाली की नाही. जास्त चार्ज झाली तर पाणी उडतं, मग झाकण उघडून डिस्टिल्ड वॉटर टाकायचं. इथे चार्जरला अक्कल लागत नव्हती, अक्कल माणसाची होती. आणि माणूस चुकला तरी झाकण उघडून सावरता यायचं.

1899 मध्ये स्वीडनच्या वाल्डेमार युंगनर यांनी निकेल-कॅडमियम बॅटरी केली. तीही सुरुवातीला उघडीच होती. तिला कायमचं सीलबंद करण्याचा मार्ग 1947 मध्ये गेओर्ग नॉयमन यांनी शोधला. हो, तेच नॉयमन, ज्यांचे मायक्रोफोन घ्यायचं स्वप्न आम्ही पॉडकास्टवाले बघत असतो. सेल भरत आला की आत ऑक्सिजन वायू तयार होतो. नॉयमन यांच्या रचनेत तो दुसऱ्या पत्र्यापर्यंत पोचून तिथेच विरतो, बाहेर काही पडत नाही. म्हणून सेल खिशात, टॉर्चमध्ये, खेळण्यात बसला. पण वायू विरताना जी ऊर्जा सुटते तिची उष्णता होते. थोडक्यात, भरल्यानंतर दिलेली सगळी वीज सेलला शेकण्यात जाते. झाकण गेलं, बुडबुडे दिसेनासे झाले, पाणी टाकायची सोय संपली. इथून पुढे अक्कल चार्जरमध्येच हवी होती.

पहिलं उत्तर निघालं घड्याळाचं. सेलच्या क्षमतेच्या एक दशांश करंट द्यायचा, 14 ते 16 तास. 600 एमएएचच्या सेलला 60 मिलिॲम्पिअर. इतक्या मंद आचेवर दोन-चार तास जास्त झाले तरी निकेल-कॅडमियम सेल सहन करायचा. रात्री लावा, सकाळी काढा.

मग 1990 च्या आसपास निकेल-मेटल हायड्राइड सेल बाजारात आले आणि हे गणित बिघडलं. त्याच आकारात क्षमता वाढत वाढत 2000 एमएएचच्या पुढे गेली. तोच जुना 60 मिलिॲम्पिअरचा चार्जर आता जवळजवळ दोन दिवस घेणार. लोक सकाळी सेल काढायचे आणि म्हणायचे, नवीन सेल बोगस आहेत. उलट, जास्त करंटचा चार्जर घेतला आणि त्यात नुसताच टायमर असला, तर अर्धा भरलेला सेलही पूर्ण वेळ शेकला जायचा. हे नवे सेल अशी शेक निकेल-कॅडमियमइतकी सोसतही नाहीत. त्यात आपल्याकडचं लोडशेडिंग! लाइट गेली आणि परत आली की असा टायमर शून्यापासून सुरू होतो. दिवसात तीनदा लाइट जाणाऱ्या गावात त्या सेलचं काय होत असेल, विचार करा. सेल टिकत नाहीत अशी तक्रार करणाऱ्यांना मी आधी विचारतो, चार्जर कुठला आहे?

दुसरं उत्तर मला फार आवडतं. निकेलचा सेल भरत असताना त्याचा व्होल्टेज हळूहळू चढतो आणि पूर्ण भरला की किंचित खाली येतो. किंचित म्हणजे निकेल-कॅडमियममध्ये 10 ते 20 मिलिव्होल्ट, मेटल हायड्राइडमध्ये 5 च्या आसपास किंवा त्याहूनही कमी. ही बारीकशी उतरण पकडणारी चिप बसवली की चार्जर ‘स्मार्ट’ झाला. हंड्यातून पाणी वाहिल्याची खूण शेवटी सापडली! मात्र दोन अडचणी आहेत. करंट फार कमी असेल तर ही उतरण दिसतच नाही, त्यामुळे मंद चार्जिंग नेहमीच चांगलं हा समज या चार्जरला लागू नाही. 2000 एमएएचच्या सेलला 500 ते 1000 मिलिॲम्पिअर बरे. आणि दुसरी, जास्त महत्त्वाची: दोन सेल एका माळेत जोडून चार्ज केले तर एकाची उतरण दुसऱ्याच्या चढणीत हरवते. एक भरून तापत राहतो, दुसरा अजून भरतोच आहे.

म्हणून दुकानात एवढंच विचारा: ‘यात एकच सेल लावला तर चार्ज होतो का?’ ‘नाही, दोन किंवा चारच लावावे लागतात’ असं उत्तर आलं तर तो जोडीचा चार्जर आहे, ठेवून द्या. प्रत्येक खाचेला स्वतंत्र दिवा, पाठीमागे छापलेला करंट, आणि उतरण हुकलीच तर थांबवायला तापमानाचा सेन्सर आणि टायमर, इतकं असलं की पुरे. अडॅप्टरवरचं बीआयएसचं चिन्ह जरूर बघा, पण ते शॉक आणि आगीपासूनच्या सुरक्षिततेसाठी आहे. सेल किती वर्षं टिकेल ते त्यावरून कळत नाही.

‘आधी पूर्ण उतरवा, मग चार्ज करा’ हा घरोघरचा नियमही निकेल-कॅडमियमच्या काळातला. उपग्रहांवरचे सेल रोज अगदी तेवढेच वापरले जायचे, तिथे हा ‘मेमरी’चा प्रकार ठळकपणे दिसला. घरातल्या वापरात तो क्वचितच येतो. मोबाइलच्या लिथियम बॅटरीला तर पूर्ण उतरवणं बाधतंच.

नोव्हेंबर 2005 मध्ये सान्योने जपानमध्ये एनेलूप सेल आणले. आधीचे मेटल हायड्राइड सेल कपाटात पडल्या पडल्या महिन्याभरात बरेच उतरायचे, उन्हाळ्यात तर आणखी. एनेलूप वर्षभरानंतरही 85 टक्के भरलेला राहतो असा कंपनीचा दावा होता, आणि तो दुकानात चार्ज करूनच विकला जाई. त्यामुळे सेल कायम चार्जरमध्ये खोचून ठेवायचं कारणच उरलं नाही. दिवा हिरवा झाला की काढून डब्यात ठेवा.

आता शेवटचा पेच. हल्ली 1.5 व्होल्टचे लिथियम पेन्सिल सेल मिळतात, बऱ्याचदा त्यांच्या अंगावरच यूएसबीचं भोक असतं. लिथियमचा हिशोब वेगळा. साधारण 4.2 व्होल्ट झाले की तो भरला, उतरणीची वाट बघायची नसते. व्होल्टेज 1.5 वर आणणारी आणि चार्जिंग सांभाळणारी चिप सेलच्या पोटातच असते. म्हणजे इथे चार्जर सेलमध्ये शिरला. हा सेल आकाराने तुमच्या निकेलच्या चार्जरमध्ये अगदी फिट्ट बसतो आणि तिथे तो कधीही घालायचा नाही. दोन्ही प्रकार घरात असतील तर लिथियमवाल्यांवर मार्करने खूण करून ठेवा आणि डबे वेगळे करा, विशेषतः घरात दुसरं कुणी सेल चार्जिंगला लावत असेल तर.