बिननांवाचीं पत्रें

गणेशखिंडीच्या रस्त्यावर २२ जून १८९७ च्या रात्रीं काय घडलें हें पुणेकरास सांगावयास नको. परंतु त्याच्या आदल्या वर्षीं, आक्टोबरांत, लॉर्ड सँडहर्स्ट ह्या गव्हर्नराच्या पंक्तीस पुण्यांत एक एकवीस वर्षांचा घोडदळाचा अधिकारी जेवून गेला, ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानांत नसते. विलायतेहून नुकताच उतरून तो पुण्याच्या माळावर तंबूंत मुक्कामास होता. यजमानांस बोलूं न देतां आपणच बडबडत राहिलों, हें त्यानें पुढें आत्मचरित्रांत हंसत हंसत कबूल केलें आहे. त्याचें नांव विन्स्टन चर्चिल.

२६ जुलै १८९७ रोजीं वायव्य सरहद्दीवर मलाकंडच्या छावणीवर पठाणांनीं हल्ला केला. दुसऱ्याच दिवशीं मुंबईंत टिळकांस अटक झाली. चर्चिल त्या वेळीं विलायतेंत रजेवर होता. तो धांवत परत आला आणि बातमीदार म्हणून मोहिमेंत शिरला. बंगळूरहून नौशेऱ्यापर्यंत सुमारें दोन हजार मैल, ऐन उन्हाळ्यासारख्या उकाड्यांत आगगाडीचे पांच दिवस. तेथून टांग्यानें चाळीस मैल तापलेलें मैदान, आणि शेवटीं मलाकंडचा नागमोडी घाट. बोरघाट पाहिलेल्या मनुष्यास त्या चढणीची कल्पना येईल, पण त्या उघड्या बोडक्या डोंगरांची येणार नाहीं. घाटापलीकडे स्वात नदीचें खोरें, आणि त्याहि पुढें ममुंदांचा मुलूख. तेथें घर म्हणजेच किल्ला. शेजाऱ्याशीं वैर पिढीजाद, म्हणून गांवोगांव बुरूज.

हीं वर्णनें लंडनच्या ‘डेली टेलिग्राफ’ पत्रांत ‘एका तरुण अधिकाऱ्याकडून’ एवढ्याच मथळ्याखालीं छापलीं गेलीं. व्यवहार आईनें ठरविला होता. मोबदला स्तंभास पांच पौंड. चिरंजीव संतापले. पैसे थोडे म्हणून तर खरेंच, पण नांव गाळलें म्हणून अधिक. कारण नांव व्हावें ह्यासाठींच तर हा सारा खटाटोप होता.

इकडे मुंबईच्या हायकोर्टांत ८ सप्टेंबरास टिळकांवरील खटला उभा राहिला तोहि बिननांवाच्या मजकुरावरच. १५ जूनच्या ‘केसरी’तील ‘शिवाजीचे उद्गार’ ही कविता टोपणनांवानें आलेली, आणि शिवराज्याभिषेकोत्सवाचा वृत्तान्त. माफी मागण्याचा सल्ला टिळकांनीं मानला नाहीं. मुद्रक केशवराव बाळ सुटले. न्यायमूर्ति स्ट्रेची ह्यांनीं ज्यूरीस सांगितलें कीं, ‘अप्रीति’ म्हणजे प्रीतीचा अभाव. सहा युरोपीय पंचांनीं दोषी म्हटलें, तिघां हिंदी पंचांनीं निर्दोषी. १४ सप्टेंबर, अठरा महिने सक्तमजुरी.

१६ तारखेस चर्चिल ममुंद खोऱ्यांत शाही-तंगी गांवापाशीं पस्तिसाव्या शीख पलटणीबरोबर होता. डोंगरावरून माघार घेतांना माणसें पटापट पडलीं, आणि जखमींस मागें टाकून यावें लागलें. त्यानंतर सूड सुरू झाला. घरें पाडलीं, विहिरी बुजविल्या, बुरूज उडविले, सांवलीचीं मोठीं झाडें तोडलीं, उभीं पिकें जाळलीं. ही यादी चर्चिलनेंच पुढें दिली आहे, आणि तींत काडीचाहि संकोच नाहीं.

पण आक्टोबरांत आईस लिहिलेल्या घरगुती पत्रांत तोच मनुष्य निराळें बोलतो. सरहद्दीवर पुढें पुढें सरकण्याचें हें सरकारी धोरण द्रव्यदृष्ट्या बुडविणारें, नीतीच्या दृष्टीनें दुष्ट आणि राजकारणांत घोडचूक, असें तो तिला कळवितो! ही तुलना थोडी वांकडी आहे हें मला ठाऊक आहे. घरचें पत्र निराळें आणि हजारों घरीं जाणारें वर्तमानपत्र निराळें. तरी स्ट्रेचीसाहेबांच्या व्याख्येचें माप लावलें, तर ह्या पत्रांत सरकारविषयीं प्रीति कोठें आढळते तें एखाद्या निष्णात वकिलानेंच दाखवावें.

मार्च १८९८ मध्यें ह्या मोहिमेवरचें चर्चिलचें पुस्तक लंडनला प्रसिद्ध झालें. ह्या खेपेस मुखपृष्ठावर नांव होतें. टिळक तेव्हां तुरुंगांतच होते. ते ६ सप्टेंबर १८९८ रोजीं सुटले.