हवेतले पाणी कुंडीत घालताना

जूनमध्ये मोसमी पाऊस कोकणपट्टीत स्थिरावला की मुंबई, ठाणे, रत्नागिरी या भागांत हवेची सापेक्ष आर्द्रता ८० ते ९० टक्क्यांच्या घरात जाते. कपाटातल्या चामडी चपलांवर बुरशी धरते, मिठाला पाणी सुटते, घरात वाळत घातलेल्या कपड्यांना कुबट वास येऊ लागतो. हवेतील हा दमटपणा काढून घेणारे डीह्युमिडिफायर नावाचे यंत्र एके काळी ग्रंथसंग्रहालये, प्रयोगशाळा आणि छायाचित्रकारांच्या खोल्या यांतच प्रामुख्याने आढळे. आता ते शहरी घरांतही दिसू लागले आहे. वातानुकूलन यंत्र तर त्याहून कितीतरी अधिक घरांत आहे आणि खोली थंड करता करता तेही हेच काम करीत असते. या यंत्रांतून निघणारे बादलीभर पाणी मोरीत ओतताना, ते घरातल्या कुंड्यांना घातले तर चालेल का, असा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे. चालते, काही झाडांना तर ते नळाच्या पाण्यापेक्षाही अधिक मानवते. मात्र त्या पाण्यात काय नसते आणि वाटेत त्यात काय मिसळते, या दोन्ही गोष्टी ठाऊक असायला हव्यात.

थंड पाण्याने भरलेल्या तांब्याला बाहेरून घाम फुटतो, त्याच तत्त्वावर हे यंत्र चालते. तापमान ३० अंश सेल्सिअस आणि आर्द्रता ८० टक्के असताना एक घनमीटर हवेत सुमारे २४ ग्रॅम बाष्प असते. अशी हवा २६ अंशांच्या आसपास थंड झाली की तिच्यातील बाष्पाचे पाणी होऊ लागते. या तापमानाला दवबिंदू म्हणतात. यंत्रातील पंखा खोलीतली हवा ओढून थंडगार नळ्यांवरून नेतो, बाष्प त्या नळ्यांवर थेंबांच्या रूपाने जमते आणि खालच्या टाकीत निथळते. म्हणजे हे पाणी एका अर्थी ऊर्ध्वपातित पाणीच होय. बाष्पाबरोबर क्षार वर जात नाहीत, त्यामुळे त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम यांचे प्रमाण नगण्य असते. क्लोरीनही नसते.

कुंडीतल्या झाडांच्या दृष्टीने ही मोठीच सोय आहे. जमिनीत लावलेल्या झाडाच्या मुळांशी साचलेले क्षार पावसाबरोबर खोल वाहून जातात. घरातल्या कुंडीवर पाऊस पडत नाही. दख्खनच्या काळ्या पाषाणातून उपसलेले विंधन विहिरीचे पाणी बहुधा जड असते आणि पुण्यासारख्या शहरांत टँकरच्या पाण्यावर अवलंबून असणाऱ्या वसाहतींना त्याची चांगलीच ओळख आहे. ते पाणी वर्षभर घातले की मातीवर आणि मातीच्या कुंडीच्या बाहेरच्या अंगाला पांढरा थर धरतो, पानांची टोके तपकिरी होऊन वाळतात. ड्रॅसिना आणि स्पायडर प्लांट यांत हे विशेष दिसते, कारण पाण्यातील फ्लोराइडही त्यांना सोसत नाही. ऑर्किड, नेचे, कॅलेथिया आणि कीटकभक्षी वनस्पती यांना मुळातच क्षारविरहित पाणी लागते. अशा झाडांसाठी यंत्रातले पाणी म्हणजे घरबसल्या मिळालेले पावसाचे पाणीच.

पण क्षार नाहीत म्हणजे पोषणही नाही. नळाच्या पाण्यातून झाडाला थोडेफार कॅल्शियम आणि मॅग्नेशियम नकळत मिळत असते. ते येथे थांबते. माती, शेणखत किंवा गांडूळखत यांच्या मिश्रणात लावलेल्या झाडाला याची झळ सहसा लागत नाही. निव्वळ कोकोपीटमध्ये वाढवलेल्या झाडाला मात्र लागते, कारण नारळाचा हा भुसा कॅल्शियम स्वतःकडे धरून ठेवतो. नवी पाने वाकडीतिकडी येऊ लागली किंवा जुन्या पानांच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडू लागला, तर ही उणीव ओळखावी. सोपा उपाय म्हणजे तीन-चार वेळा यंत्राचे आणि एकदा नळाचे पाणी द्यावे, आणि खताचे वेळापत्रक चुकवू नये.

आता या पाण्याच्या वाटेविषयी. नळ्या तांब्याच्या आणि त्यांवरील पातळ पत्रे ॲल्युमिनियमचे असतात. क्षारविरहित, किंचित आम्ल पाणी त्या धातूंचा सूक्ष्म अंश विरघळवून घेते. शोभेच्या झाडांना त्याने अपाय होत नाही. मत्स्यपेटीत मात्र हे पाणी मुळीच ओतू नये; माशांना आणि गोगलगायींना तांबे फार कमी प्रमाणातही घातक ठरते. त्याशिवाय हवेतील धूळ, बुरशीचे बीजकण आणि जिवाणू त्या ओल्या पत्र्यांवर येऊन बसतात. टाकीच्या आतल्या बाजूला बोट फिरवल्यावर लागणारा बुळबुळीतपणा त्यांचाच असतो. म्हणून स्वच्छ दिसले तरी हे पाणी पिऊ नये, आणि फवाऱ्याने पानांवर उडवूही नये. त्याचे तुषार आपल्याच श्वासात जातात. पुदिना, कोथिंबीर यांसारख्या कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाज्यांना ते न घातलेले बरे. तुळशीचे पानही आपण सहज तोडून तोंडात टाकतो, तेव्हा तिलाही या यादीत धरावे. वातानुकूलन यंत्राची साफसफाई झाली असेल, तर रसायने धुऊन जाईपर्यंत दोन-तीन दिवसांचे पाणी टाकून द्यावे. यंत्रातून नुकतेच निघालेले पाणी थंड असते. आफ्रिकन व्हायोलेटच्या पानांवर अशा पाण्याने डाग पडतात. काही तास तसेच ठेवून ते खोलीच्या तापमानाला येऊ द्यावे.

येथे दोन गल्लती संभवतात. पावसाळ्यात कपाटात ठेवण्यासाठी पांढऱ्या खड्यांच्या प्लॅस्टिक डब्या मिळतात. त्यांतील खडे हळूहळू विरघळून तळाशी पाणी साचते. ते पाणी नव्हे, कॅल्शियम क्लोराइडचा तीव्र द्रव असतो. तो कुंडीत ओतल्यास झाड हमखास मरते. दुसरी गल्लत विदर्भ-मराठवाड्यातल्या कूलरची. कूलर हवेतून पाणी काढीत नाही, हवेत सोडतो. बाष्प उडून जाते, क्षार टाकीत उरतात आणि दिवसेंदिवस दाट होतात. नागपुरात एप्रिल-मे महिन्यांत कूलरच्या टाकीच्या कडेला जमणारा पांढरा थर पाहिला की ते तळातले पाणी कुंड्यांना का घालू नये, हे वेगळे सांगावे लागत नाही.

पाणी मिळते किती? घरगुती डीह्युमिडिफायरवर दिवसाला १० किंवा २० लिटर असा आकडा छापलेला असतो. तो बहुधा ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता या स्थितीतला असतो. खोली जसजशी कोरडी होते तसतसे पाणी पुष्कळच घटते. तरीही दहा-बारा कुंड्यांना एका वेळी तीन-चार लिटर पुरेसे होत असल्याने पाणी उरतेच. खरी अडचण येथेच आहे. यंत्र सर्वांत जास्त पाणी देते ते पावसाळ्यात, आणि नेमक्या त्याच दिवसांत ऊन कमी असल्याने झाडांना पाणी कमी लागते. टाकी भरली म्हणून कुंडीत ओतली, की मुळे कुजलीच समजा. बोटाच्या दोन पेरांपर्यंत माती कोरडी लागल्याशिवाय पाणी घालू नये. स्नेक प्लांट आणि कोरफड यांची माती तर पूर्ण सुकू द्यावी. आणखी एक गंमत अशी, की झाड प्यायलेले बहुतेक पाणी पानांवाटे पुन्हा त्याच बंद खोलीच्या हवेत सोडते आणि यंत्राला ते पुन्हा टिपावे लागते. एक लिटर पाण्यामागे साधारण अर्धा ते एक युनिट वीज खर्च होते. म्हणून केवळ झाडांच्या पाण्यासाठी हे यंत्र चालवणे हा शुद्ध तोटा आहे.

उरलेले पाणी साठवण्याचा मोह होतो आणि डेंग्यूच्या दिवसांत तो महागात पडतो. डेंग्यूचा प्रसार करणारा एडिस इजिप्ती हा डास घरातल्या स्वच्छ, साचलेल्या पाण्यातच अंडी घालतो आणि आपल्या हवामानात आठ-दहा दिवसांत अंड्यापासून डास तयार होतो. कुंडीखालची ताटली, यंत्राची टाकी, खिडकीखाली लावलेली बादली या त्याच्या आवडत्या जागा. नुसते पाणी ओतून भागत नाही. अंडी भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात आणि कोरडी पडूनही कित्येक महिने जिवंत राहतात. त्यामुळे आठवड्यातून एकदा टाकी, बादली आणि ताटल्या ब्रशने घासून उन्हात किंवा वाऱ्यावर कोरड्या कराव्यात. पाणी साठवायचेच तर घट्ट झाकणाच्या डब्यात, दोन-तीन दिवसांत संपेल इतकेच साठवावे. बाकीचे लादी पुसायला आणि शौचालयात ओतायला उत्तम.